दोराचं मागचं टोक

लातूर, ९ जून

तीर्थरूप आप्पा,

याच्यापुढे साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे, पण मी लिहीत नाही. निघताना मी वाकले तेव्हा तुम्ही पाय मागे घेतलेत. हवेतच नमस्कार करून मी एस्टीत बसले. पत्रातही तसलाच हवेतला नमस्कार कशाला?

फोन लावला की तुम्ही माझा आवाज ऐकता, मोबाइल बाजेवर ठेवता आणि गोठ्याकडे निघून जाता. मग मला बराच वेळ म्हशी ऐकू येतात. म्हणून हे पत्र. पोस्टमन नागप्पामामा पत्र घरी टाकत नाहीत, पारावर सगळ्यांसमोर नाव पुकारून हातात देतात. चारचौघांत तुम्ही लेकीचं पत्र परत पाठवणार नाही, एवढी मी तुम्हाला ओळखते.

उज्वलामावशीकडे सुखरूप आहे. दहावीला एक्क्याण्णव टक्के पडले म्हणून अव्वानं तुम्हाला चोरून शेजारीपाजारी साखर वाटली होती. इथे एक्क्याण्णवला कोणी विचारत नाही. मावशीच्या शेजारणीनं मार्क ऐकले आणि ‘असू दे गं’ म्हणत माझ्या पाठीवरून हात फिरवला, घरात कोणी वारल्यासारखा. मला हवं आहे त्या कॉलेजची यादी सत्त्याण्णवच्या वरच बंद होते. पण तिथे खेळाडूंसाठी थोड्या जागा आहेत. रस्सीखेचीत आपल्या गावच्या पोरी राज्यात दुसऱ्या आल्या. त्या जोरावर मी अर्ज केलाय. तुम्हाला विचारूनच करणार होते, पण फोनवर म्हशी होत्या.

तुमचं म्हणणं अव्वानं कळवलं. ‘निलंग्याला शीक न्हाईतर घरी बस. दोर धरलेली पोर लातुरात धाडून आणखी काय काय धरायला लावू?’ आप्पा, निलंग्याचं कॉलेज वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण अव्वाच्या माहेरी, किल्लारीत, अजूनही आजी दगडी भिंतीला पाठ टेकून बसत नाही. जमीन हलते ती का, हे मला शिकायचंय. त्याचा पाया पक्का करून घेणारे मास्तर इथे आहेत. म्हणून मला इथेच यायचंय, आणि मी येणार.

राहिली जत्रेची गोष्ट. तुम्ही वीरभद्राच्या रथाचे मानकरी. दोराला पहिला हात तुमचा, आपल्या आज्ज्यापासून. बायकांनी लांब उभं राहून रथावर खारका उधळायच्या, दोराला शिवायचं नाही, हे मला कळायला लागल्यापासून माहीत आहे. पण या वर्षी पाण्याच्या पाइपासाठी वेशीत खोदलेला चर नीट बुजवला नव्हता आणि रथाचं चाक त्यात रुतलं. गडी ओढत होते, पण एक पुढे झाला की दुसरा थांबायचा. मग रविकांतकाका म्हणाले, जेसीबी बोलवा. आणि तुम्ही मान डोलावलीत.

जेसीबीला मान डोलावलीत, आप्पा! तो ड्रायव्हर कुठला कोण, त्याने तर चप्पलही काढली नसती. गडी जेसीबीची वाट बघत बिड्या ओढायला पांगले आणि दोराचं मागचं टोक मातीत पडलं होतं. मी आणि संघातल्या सात जणींनी हातातल्या खारका पदरात टाकल्या आणि ते उचललं. तुम्ही आणि दोघं-चौघं गडी पुढे होताच. रथ निघाला. तुम्ही डोक्यावरचा मानाचा पटका काढून रथाच्या पायरीवर ठेवलात आणि घरी गेलात. तेव्हापासून आजतागायत बोलला नाहीत.

देवाला जेसीबी चालतो आणि पोरी चालत नाहीत, हे मला समजावून सांगा. समजलं तर माफी मागेन.

दीपमाला


लातूर, १४ जून

तीर्थरूप आप्पा,

चाचणी झाली, म्हणजे झालीच नाही. सांगते.

मैदानावर खेळाडूंची आणि त्यांच्या आईबापांची रांग होती. इथे लोक खेळ खेळत नाहीत, खेळ ‘घेतात’. एक बाई दुसरीला सांगत होत्या, “आम्ही सातवीतच तलवारबाजी घेतली. कबड्डीत लई गर्दी.” दुसऱ्या म्हणाल्या, “आमच्याकडं रोलबॉल हाय. त्यात अजून कुणी न्हाई.” मग मला विचारलं, तू कोणता घेतलास? मी म्हटलं, रस्सीखेच. “त्याचा क्लास कुठं असतो?” म्हटलं, आमच्या गावात, देवळामागच्या पडीक रानात. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि पोराला जवळ ओढून उभ्या राहिल्या.

त्यांना हसायचा मला हक्क नाही म्हणा. आठवीत सिद्धराम सरांनी आम्हाला हेच सांगितलं होतं, की पोरींनो, या खेळात शाळा कमी उतरतात, नाव लवकर होईल. मी त्याच लोभानं दोर धरला. शिवाय गावात सगळे म्हणत, शिवप्पाची पोरगी लई जाड, हिचं लग्न जमायचं कसं. सर म्हणाले, शेवटच्या जागेला अशीच लागते, अंगाभोवती दोर घेऊन जमिनीत रुतून बसणारी. मला पहिल्यांदा कुणीतरी माझ्या अंगाचं कौतुक केलं, आप्पा. गर्दी कमी होती म्हणून धरला तो दोर, पण सोडवला नाही तो दुसऱ्याच कारणानं. आठही जणी एका श्वासात मागे रेलतात ना, तेव्हा समोरचा संघ कसा आधी पायांतून हलतो आणि मग तोंडावर येतो, ते बघायला तुम्ही एकदा तरी यायला हवं होतं.

तर चाचणी. क्रीडा विभागाच्या मलिका मॅडम आहेत, नांदेडच्या. करड्या, पण तोंडावर बोलणाऱ्या. त्यांच्यासोबत दोन प्राध्यापक. मला आधी पळायला लावलं. मी कशी पळते ते तुम्हाला माहीत आहे. तलवारबाजीवाला पोरगा हसून हसून खाली बसला. मग गोळा दिला, तो माझ्याच पुढ्यात पडला. एक प्राध्यापक म्हणाले, “प्रमाणपत्र खरं आहे ना गं? या असल्या खेळांचीच खोटी निघतात.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, “सर, पोहणाऱ्याला तुम्ही झाडावर चढायला लावता का? मला दोर द्या.”

ते म्हणाले, “एकटीची रस्सीखेच कशी घ्यायची? झाडाला बांधून देऊ?”

“झाड नुसतं उभं असतं, सर. समोरून ओढणारं लागतं.”

मलिका मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “पोरगी खरं बोलते. खो-खोच्या मुलींना आपण दोन संघ करून खेळवलं, हिला एकटीला गोळा फेकायला लावणं बरोबर नाही. पण बेटा, माझ्याकडे हा खेळ खेळणारं कोणी नाही. चोवीस तारखेला, मंगळवारी ये. तुझा संघ आण, समोरचाही आण. मी बघून ठरवते. आणि पालक पाहिजेत बरोबर. संघ आला नाही तर जागा पुढच्या मुलाला जाईल, मग मला नावं ठेवायची नाहीत.”

मी हो म्हणून आले आणि लगेच महानंदाला फोन लावला. ती म्हणाली, “दीपे, जत्रेपासून दोराचं नाव काढलं तर घरात ताट आपटतेत. मानकऱ्यानं हो म्हणल्याबिगर आमचे बाबा सोडत न्हाईत.” बाकीच्या सहा जणींकडेही हेच. म्हणजे गावातल्या सात बापांचे डोळे तुमच्या तोंडाकडे लागलेत.

तुम्ही माझ्याशी बोलू नका. माझी तक्रार नाही. पण महानंदाच्या बाबांशी, रामलिंगकाकांशी तर बोलता ना? पारावर बसल्या बसल्या ‘जाऊ द्या पोरींना’ एवढंच म्हणा. माझं नावही घ्यायला नको.

दीपमाला


मुदखेड, १८ जून

तीर्थरूप आप्पा,

पत्त्यावरून दचकू नका. पळून आलेली नाही, मावशीला सांगून एस्टीनं आलेय. समोरचा संघ हवा होता. तो कुठे मिळणार? विभागाच्या अंतिम सामन्यात आम्ही नांदेडच्या एका शाळेला हरवलं होतं, त्यांची शेवटच्या जागेची बुशरा इथे राहते. जिला चिखलात लोळवलं तिच्याच दारात जाऊन उभी राहिले.

स्टेशनाजवळ तिच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान आहे. बुशरानं मला बघितलं आणि आतल्या कापसातूनच ओरडली, “अब्बा, ये वोच है, जिसने हमकू कीचड में गिराई!” निजामोद्दीनचाचांनी चष्मा वर केला, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “तो इसकू चाय पिलाव पहले.”

बुशराला सगळं सांगितलं. ती माझ्याशी मराठीत भांडते, ते मला आवडतं. “कमाल हाय तुझी! हरवलीस आम्हाला, अन् आता आम्हालाच बोलवायला आलीस?” मी म्हटलं, पुन्हा ओढायला मिळेल की तुला. तिनं हातावरचा कापूस झटकला. मग म्हणाली, “मी तुला जिंकू देणार न्हाई, हां. कॉलेज गेलं तरी.” मी म्हटलं, जिंकू दिलंस तर तुझं थोबाड बघणार नाही. झालं, ठरलं. संध्याकाळपर्यंत तिनं तिच्या सगळ्या पोरी गोळा केल्या. त्यांचे सर टेम्पोची सोय करताहेत.

निघताना चाचांनी विचारलं, “बेटा, तुम्हारे अब्बा आयेंगे ना उस दिन?” मी हो म्हणाले. ते खरं करणं आता तुमच्या हातात आहे.

आप्पा, रामलिंगकाकांना तुम्ही काही बोलला नाहीत, हे महानंदानं कळवलं. पारावर पत्र घेतलंत, घडी करून खिशात टाकलंत आणि उसाच्या भावावर बोलत बसलात. बरं.

मग मीही एक गोष्ट बोलते. पहिल्या पत्रात लिहिली नाही, कारण तुम्ही स्वतः तोंडातून काढता का ते बघत होते. नुसतं टोक धरलं म्हणून तुम्ही पटका काढला नाहीत. हाक मी दिली म्हणून काढलात. ‘हर हर महादेव’ म्हणायचं ते मानकऱ्यानंच, आणि त्याच्या आवाजावर गाव ओढतं. तुम्ही पुढे होता, तुमचा घसा बसला होता, हाक मागपर्यंत पोचत नव्हती. मागून मी दिली. सरांनी शिकवली तशी, आधी धर, मग थांब, मग एकदम. आणि पुढचे गडीसुद्धा माझ्या हाकेवर ओढायला लागले. तुम्हीही ओढलंत, आप्पा. मी बघत होते तुमच्या पाठीकडे. माझ्या हाकेवर तुमची पाठ मागे आली आणि त्याच क्षणी रथ निघाला.

तुम्हाला ते लागलं, कळतं मला. पण ते चुकलं असं मी म्हणणार नाही. मंगळवारी जागा गेली तरी नाही म्हणणार. त्या दिवशी मी गप्प उभी राहिले असते, तर आज लातुरात ‘मला दोर द्या’ असं म्हणायची हिंमत कुठून आणली असती?

मंगळवारी सकाळी कॉलेजच्या मैदानावर मी असेन. सात जणी आल्या तर संघ म्हणून. नाही आल्या तर एका टोकाला एकटी उभी राहीन, समोर आठ जणी असतील. फरफटत नेलं तर नेलं. लोकांना बघू दे, मानकऱ्याच्या घरची पोर दोर सोडत नाही.

दीपमाला


लातूर, २४ जून, मंगळवार

आप्पा,

आज घाईत आहे आणि तळवे सोललेत, म्हणून अक्षर असं.

सकाळी नांदेडचा टेम्पो आधी आला. बुशरा उतरली, इकडेतिकडे बघितलं, म्हणाली, “तुझ्या पोरी?” मी म्हटलं, येतील. मलिका मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं. ते प्राध्यापक खुर्चीवर बसून चहा पीत होते. मी दोर उलगडला, माझ्या टोकाला जाऊन अंगाभोवती घेतला आणि टाच रुतवली. बुशरा ओरडली, “येडी झाली का? एकटीला ओढू का आम्ही?” मी म्हटलं, ओढ.

तेवढ्यात फाटकातून निलंग्याची काळी-पिवळी जीप आत आली. आधी कोण उतरलं असेल? तुमची बायको. अव्वा. जी एकटी लातूरला कधी आली नाही, जी दवाखान्यालासुद्धा तुम्ही पुढे आणि आपण मागे अशीच चालते. तिच्या मागून आपल्या पोरी. मी दोर टाकून पळाले. त्या दिवशी चाचणीत तशी पळाले असते, तर तो पोरगा हसला नसता.

अव्वा म्हणाली, “रडू नको, आधी पोरींना पाणी दे.” मग कळलं. रविवारपासून ती घरोघर फिरत होती. सगळ्यांना एकच सांगत होती, “मानकऱ्याचं घर हो म्हणतंय. मी घरातलीच हाय की.” सहा बापांनी पोरींना सोडलं. रामलिंगकाका मात्र शेवटी फिरले, महानंदाला जीपमधून उतरवून घेतलं. म्हणजे माझ्यासकट सात जणी.

बुशरा म्हणाली, “माझी एक कमी करते.” मॅडम त्यावर विचार करत होत्या, तोवर अव्वानं पदर कमरेला खोचला. “मी हाय की.”

मॅडम म्हणाल्या, “ताई, तुम्ही पालक म्हणून आलाय ना?”

“पालकच हाय. पोरीच्या म्होरं उभी ऱ्हाते.”

प्राध्यापकांचा चहा सांडला. मॅडम म्हणाल्या, “मला मुलगी बघायची आहे. उभ्या राहा.”

पहिल्या वेळेला बुशराच्या पोरींनी आम्हाला गाजरासारखं उपटून काढलं. आपल्या पोरींच्या हाताला जत्रेपासून दोर लागला नव्हता आणि अव्वा तर ओढण्याऐवजी मला सावरायला बघत होती. सगळ्या तोंडावर पडल्या. तलवारबाजीवाल्या पोराची आई आज पुन्हा आली होती. ती ‘अरे देवा’ म्हणाली, ते मला मातीतून ऐकू आलं.

दुसऱ्या वेळेला मी हाक द्यायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. दोर छातीवर एवढा आवळला होता. आणि माझ्या पुढून हाक आली. अव्वानं दिली. ‘हर हर महादेव.’ तुमचीच हाक, आप्पा, तुमच्याच चढउतारात, ‘दे’वर तसाच जोर देऊन. इतकी वर्षं लांब उभी राहून खारका उधळताना ती तुमचं तोंड बघत नव्हती, हाक पाठ करत होती. आपल्या पोरींच्या कानात ती हाक पाळण्यापासून आहे. सगळ्यांच्या टाचा एकदम रुतल्या. आम्ही ओढलंच नाही, नुसतं धरून ठेवलं. बुशराच्या पोरी ओढून ओढून दमल्या, त्यांचा दम दोरातून मला कळत होता. मग अव्वानं पुन्हा हाक दिली आणि आम्ही सगळं अंग मागे टाकलं. बुशरा अगदी माझ्या पायाशी येऊन पडली, आणि पडल्या पडल्या मला शिवी दिली.

मॅडमनी हात वर केला. “बस. मला दिसलं.” मग मला जवळ बोलावलं. “पहिल्यांदा सगळ्या पडल्यावर तू पडलीस. दुसऱ्यांदा नुसती अडून बसलीस, समोरच्या थकेपर्यंत. एवढं अडून बसायला कोणी शिकवलं गं?”

मी म्हटलं, “आमच्या आप्पांनी. ते जत्रेपासून अडूनच बसलेत.”

मॅडम पहिल्यांदा हसल्या. दुपारी यादी लागली. नाव आहे. पालक म्हणून अव्वानं सही केली, पूर्ण नाव लिहून, दानम्मा शिवप्पा. म्हणजे तुम्ही आलाच होता असं निजामोद्दीनचाचांना सांगायला मी मोकळी आहे.

जेवताना अव्वानं मला तुमचं सांगितलं. म्हणाली, “पत्रं ह्यांनी वाचली. पुन्यांदा वाचली. मग कोनाड्यात ठिवली, मला दिसतील अशी.” आज पहाटे ती जीपमध्ये बसली तेव्हा तुम्ही गोठ्यात होता. बाहेर आला नाहीत. आतूनच ड्रायव्हरला म्हणालात, “औशापर्यंत रस्ता खोदून ठिवलाय. हळू न्हे.” एवढंच.

मला वाटतं, मला तुमचा राग येतो तेवढीच तुमची आठवण येते. लिहायचं नव्हतं, पण लिहून गेलं, आता खोडत नाही.

पण म्हणून मी माघार घेतलीय असं समजू नका. पुढच्या जत्रेला मी येणार. पहिला हात तुमचाच, हाकही तुमचीच. घसा बसला तर मागून मिळेल. दोराचं मागचं टोक मात्र आमच्यासाठी मोकळं ठेवा. बुशरापण येते म्हणालीय, तिला रथ बघायचाय. आणि अव्वानं जीपमध्ये चढताना निरोप दिलाय, तिच्याच शब्दांत लिहिते: “ह्यांना लिही, मीबी धरणार हाय.” तेव्हा या वेळी पटका काढायच्या आधी नीट विचार करा. रागानं घरी गेलात, तर घरी भाकरी वाढायला कोणी नसेल. सगळ्या दोराला असतील.

जेसीबीवाल्याला आत्ताच सांगून ठेवा, येऊ नको म्हणून.

नमस्कार राखून ठेवलाय. रथ देवळापाशी पोचला की सगळ्या गावासमोर करीन. तुम्ही पाय तेवढे जागेवर ठेवा.

तुमचीच,
दीपमाला